घराचा खोकला

मानपाडा, डोंबिवली पूर्व

…त्या सकाळी खाडीवरच्या घरी मी गॅसवर दूध ठेवलं होतं, माठाची भाजी निवडत होते आणि एक डोळा नळाखालच्या बादलीवर होता. मागच्या खोलीतून खोकला आला. दोनदा कोरडा, मग घसा खाकरल्यासारखा. मी मान न वळवता नेहमीसारखं विचारलं, औषध घेतलंत का? आतून "हं" आलं. मी पुढची जुडी हातात घेतली, तेवढ्यात फाटक वाजलं आणि हे बाहेरून आत आले. हातात ओल्या बोंबलांची पिशवी. मागच्या खोलीत कोणीच नव्हतं. दूध मात्र सगळं उतू गेलं.

पाहा वन्सं, नमस्कार लिहायच्या आधीच मी दूध सांडून बसले. तर साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? साताऱ्यात थंडी पडली असेल, सकाळी पायरीवर बसू नका. कानातलं यंत्र लावता की अजून डबीत जपून ठेवता? (ते दागिन्यासारखं जपायचं नसतं, हे आमच्या दर्शनने तुम्हाला सांगितलंच आहे.) फोनवर मी काहीही सांगितलं तरी तुम्ही "बरं बरं" म्हणता. मागच्या वेळी मी शेजारी वारल्याचं सांगितलं, तेव्हाही म्हणालात. म्हणून हे पत्र.

खाडीवरचं घर विकायला काढलंय, हे दर्शनकडून कळलं असेलच. एकट्या बाईने कल्याणहून एसटी पकडायची, पुढे टमटम करायची, कुलूप उघडायचं, खाऱ्या वाऱ्याने गंजलेल्या बिजागऱ्यांना तेल घालायचं आणि परत यायचं. मुलगा म्हणतो ते खोटं नाही. मी हो म्हटलं.

आता घर तुम्ही वास्तुशांतीला पाहिलंय, पण तेव्हा गर्दीत तुम्हाला ते मांडवाखाली झाकलेलं दिसलं. उघडं पाहायला हवं. यांच्या कंपनीतल्या साहेबांची मुलगी क्षिप्रा नुकतीच आर्किटेक्ट झालेली, तिचं हे पहिलं घर. छप्पर उलट्या होडीसारखं. एकही भिंत सरळ नाही, त्यामुळे लोखंडी कपाट कुठेच टेकत नाही आणि त्याच्यामागे पडलेलं लाटणं अजून तिथेच आहे. खाडीच्या बाजूने जोत्याखालून एक जाड पाइप घेतलाय, तो मागच्या खोलीच्या भिंतीत उघडतो. भरतीचं पाणी पाइपात चढलं की आतला वारा पुढे ढकलला जातो आणि घर गार राहतं. "काका, तुमचं घर श्वास घेईल," असं ती पोर म्हणाली आणि तुमचे भाऊ विरघळले. शेजारची रंगूबाई, कोळीण, तेव्हाच म्हणाली होती, "पालथी होडी डोक्याव घेऊन कोन निजतं गो बाय?" पण तिचं ऐकतो कोण.

तर तो खोकला त्या पाइपाचा. यांनीच मला समजावलं होतं. हसून म्हणाले, इतकी वर्षं केमिकलच्या कंपनीत काढली, आता घराला पण माझी सवय लागली. मी विचारलं, पाइप खोकला हे मान्य, पण "हं" कोण म्हणालं? त्यावर हे "हं" म्हणाले आणि पेपर उघडला. विषय तिथे संपला.

हे गेल्यावर मी पहिल्यांदा एकटी तिथे गेले, तेव्हा भर दुपारी भिंतीतून तोच खोकला आला. मी घाबरले नाही असं लिहिलं तर बरं दिसेल. पण मी चपला हातात घेऊन रंगूबाईच्या ओट्यापर्यंत पळाले. तिने पाणी दिलं आणि म्हणाली, श्वास घेनारा खोकनार न?

विकायचं काम प्रशांतकडे दिलंय. ठाण्याचा एजंट. मला काकू म्हणतो, खाडीला समुद्र म्हणतो. पहिलं गिऱ्हाईक कल्याणच्या बाजारातलं, धान्याचे व्यापारी. चांगल्या दिवशी घर बघायचं म्हणून पौर्णिमा धरून जोडीने आले. बाई मागच्या खोलीत गेल्या, भिंत खोकली. त्यांनी अदबीने विचारलं, आत कोणी आजारी आहे का? प्रशांत म्हणाला, शेजारी आहेत. (शेजार म्हणजे रंगूबाई, आणि ती आमच्याच पायरीवर बसून सुकट निवडत होती.) पुढच्या पौर्णिमेला ठाण्याचे एक डॉक्टर आले. त्यांनी न घाबरता भिंतीला कान लावला, दोनदा ऐकलं आणि म्हणाले, "छातीत कफ आहे. एक्स-रे काढून घ्या." मग आपण कोणाला सांगतोय हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांची बायको तोवर गाडीत जाऊन बसली होती.

रंगूबाईने प्रशांतला झापलं. "अरं, पुनवेला उदान आसतं. पानी भरलं का घर खोकनारच. आटमीला आन तुजी गिऱ्हाइकं, भांगाची भरती आसतं, पानी निजलेलं." प्रशांतने तसं सुचवून पाहिलं. पण अष्टमीला घर बघायला कोणी तयार होईना. आपल्या लोकांना घर पाहायला पौर्णिमाच लागते, आणि यांना खोकायलाही. शेवटी त्याने माणूस आणून पाइपाची दोन्ही तोंडं सिमेंटने बुजवली. मला विचारून. मी हो म्हटलं. माझा हो हल्ली फार स्वस्त झालाय.

परवाच्या पौर्णिमेला ठाण्याचं एक तरुण जोडपं आलं. मुलगी हसरी, सगळ्या वाकड्या भिंतींना हात लावून पाहत होती. दुपारी पाणी पार जोत्याला लागलं आणि मी मागच्या खोलीच्या दारात उभी राहिले. काही नाही. वन्सं, रिकामं घर गप्प असतं तसं ते गप्प नव्हतं. पाहुणे बसलेत म्हणून कोणी तोंडावर रुमाल धरून खोकला दाबावा, तसं होतं. खोलीत उकडायला लागलं. त्या मुलीने पदराने वारा घेतला आणि म्हणाली, किती शांत आहे ना इथे. त्यांनी घर पसंत केलं. पुढच्या पौर्णिमेला व्यवहार करू म्हणाले.

सगळे गाडीकडे गेले. मी खिडक्या लावायला मागे थांबले. तुम्हाला ठाऊक आहे, मी सातवी शिकलेली, पण वाचनालयातली कपाटं आडवीतिडवी वाचून काढली आहेत, भुतांचीसुद्धा. त्या पुस्तकांत भुतांना काहीतरी हवं असतं. यांना जन्मभर काही हवं नव्हतं, पंखा एक नंबर कमी सोडून. म्हणून मी मनाशी म्हटलं, इथे काही नाही, पाइप होता, तो बुजला. खिडकी लावली. आणि घराबाहेर पडताना म्हणतो तसं सवयीने म्हटलं, येते हो.

मागच्या भिंतीतून "हं" आलं.

खोकला नाही. नुसतं "हं". पेपरामागून यायचं तसं.

मी कुलूप लावलं आणि गाडीत बसले. प्रशांतने विचारलं, काकू, चेहरा का उतरला? मी म्हटलं, उकडतंय.

घरच्या सगळ्यांना यथायोग्य सांगा. लोणचं पाठवतेय, तिखट कमी आहे.

तुमची,
माधवी

ता. क. जागा मुळात सासूबाईंची, म्हणजे तुम्हा दोघा भावंडांची, त्यामुळे तुमची सही लागते असं प्रशांत म्हणतो. सोबत कागद आहे. खुणा केल्या आहेत तिथे सही करायची. करू नका. हात दुखतोय, चष्मा हरवलाय, काय वाटेल ते कळवा.

पुन्हा ता. क. पुढच्या पौर्णिमेआधी तो कागद घेऊन इथे या. ऐकू येत नाही ही सबब सांगू नका. तुम्हीच मला सांगितलं होतंत, लहानपणी हे आजारी असले की तुम्ही त्यांच्या पाठीवर हात ठेवून निजायचात आणि खोकला यायच्या आधी तुमच्या तळव्याला कळायचं. मला ऐकू येतं, पण मी बायको. मला जे हवं तेच ऐकू येत असेल. तुम्ही फक्त त्या भिंतीला हात लावा आणि सांगा. पाइप असेल तर मी तुमच्यासमोर कागद पुढे करीन.

शेवटचं ता. क. गाडीतून परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मेडिकलमधून त्यांच्या खोकल्याच्या औषधाची नवी बाटली घेतली, एसटीने खाडीवर गेले, आणि मागच्या खोलीच्या खिडकीत चमच्यासकट ठेवून आले.