रुंद टायर, कमी हवा आणि बारा किलोमीटर

महागाव,
मंगळवार

…मी अंगणात सडा टाकत होते, चुलीवर पाणी तापत होतं, आणि तुमचे भाऊ दात घासायच्या आधी गाडीच्या चारही टायरांना दांडक्याने ठोकून बघत होते. ठक, ठक, ठक, आणि चौथ्याला जरा थांबून पुन्हा ठक. तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. हवा कमी असली की टायर आवाजातच सांगतो, म्हणायचे. मी म्हटलं, आधी चूळ भरा, मग टायरांशी बोला.

भाऊजी, पत्र असं सुरू करत नाहीत हे मला कळतं. पण आज सडा टाकताना ते आठवलं, हात थांबला, म्हणून तिथूनच लिहायला घेतलं. आता रीतसर. शंकरसिंग भाऊजींना जमनी वहिनीचा जय सेवालाल. तुमचा गुडघा कसा आहे? तुमच्या लेकीला, वर्षाला, आशीर्वाद, तिचा कुलर सुरू झाला का? मी ठणठणीत आहे. गाडीही ठणठणीत आहे, आणि ती विकायची नाही. येत्या रविवारी तुम्ही पुसदचं जे गिऱ्हाईक घेऊन येणार आहात, त्यांना चहा मिळेल, चावी मिळणार नाही.

आता घडलं ते सांगते. गेल्या महिन्यात तुम्ही आलात आणि माझ्यावर दोन उपकार केलेत. पहिला, गाडीची जुनी अरुंद चाकं काढून रुंद टायरांची चकचकीत चाकं बसवलीत (गिऱ्हाइकाच्या डोळ्यात भरावी म्हणून, हे मला नंतर कळलं). दुसरा, ऊन फार आहे, टायर फुटेल, म्हणून हवा आठ पॉइंट कमी केलीत. आपल्याकडे उन्हाळा लागला की जो तो हेच करतो, म्हणून मीही मान डोलावली. गाडीचं पुस्तक मी दोनदा वाचलं आहे (एसटीच्या पाट्या वाचत अक्षरं शिकलेली बाई आहे मी, मिळेल ते वाचते), त्यात लिहिलंय की हवा कमी असली की टायर जास्त दबतो, जास्त दबला की जास्त तापतो, आणि बॅटरीही जास्त खातो. पण तुम्ही इतक्या खात्रीने बोलत होता की छापलेलं खोटं वाटलं.

आपल्या विजेच्या गाडीची बॅटरी चोवीस युनिटांची. तुमच्या भावाच्या वहीत लिहिलं आहे, एका युनिटात साडेआठ किलोमीटर. म्हणजे महागावहून यवतमाळ, उज्ज्वलाला होस्टेलवर डबा देऊन परत, एकशेऐंशी किलोमीटर, वाटेत कुठेही न थांबता. दोन वर्षं मी हेच करते आहे. ते गेल्यावर पोरीपर्यंत पोचायचा माझा रस्ता हाच. गेल्या गुरुवारी गेले, डबा दिला, निघाले, आणि महागाव बारा किलोमीटरवर असताना गाडी रुसलेल्या नवरीसारखी हळूहळू चालत जागीच थांबली. एका युनिटात सातच किलोमीटर! दर युनिटामागे दीड किलोमीटर तुमच्या रुंद टायरांनी आणि कमी हवेने खाल्लं.

दुपारचे तीन, ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. तेवढ्यात उकंडा कोलाम बैलजोडी घेऊन शेतातून येत होता. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "डिझेल नाही लागत म्हणून घेतली होती ना वो माय? आता चारा तर लागनच." दोर बांधला, आणि त्या दोन बैलांनी माझी विजेची गाडी शंभर पावलांवरच्या धनीबाईच्या पिठाच्या चक्कीपर्यंत ओढली. चक्कीत मोठा प्लग असतो. चक्की बंद, गाडी सुरू. ज्वारीचे डबे घेऊन बसलेल्या बाया चिडल्या. एक म्हणाली, "काहून वो धनीबाई, आज गाडी दळून राह्यली का?" दुसरी म्हणाली, "बारीक दळजो, भाकर चांगली होते." तासभर मी मान खाली घालून बसले, मग मीही हसले. भाऊजी, ते गेल्यापासून इतक्या बायांत बसून मी पहिल्यांदा हसले असेन.

हे तुमच्या कानावर आलंच आणि लगेच तुमचा फोन आला, "वहिनी, छोट्या बॅटरीचं हे असंच. ही काढा, चाळीस युनिटवाली घ्या, नाहीतर कार बाईमाणसाचं कामच नव्हे." तर ऐका. मोठी बॅटरी लांब नेते, खोटं कशाला बोलू. पण तिचं वजन दोन-तीन माणसांएवढं जास्त, आणि ते प्रत्येक किलोमीटरला वाहायचं, घरून बाजारापर्यंतसुद्धा. आपले वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख फिरले. तुमचे भाऊ म्हणायचे, बैलावर त्याचाच चारा लादला तर मीठ कुठे ठेवायचं? रोजची वाट पाहून बैल निवडावा. त्यांनी माझी वाट मोजून ही गाडी निवडली. बाईमाणसाचं म्हणाल, तर गाडीला अजून ते कळलेलं दिसत नाही. एवढंच.

आपली,
जमनी

ता. क. खरं काम राहिलंच. आपली जुनी चार चाकं तुमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ पडली आहेत. ती मला परत हवीत. टायर फिरवून बसवायला सोपं जावं म्हणून तुमच्या भावाने प्रत्येकाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने लिहिलंय, पुढचा डावा, पुढचा उजवा, असं. त्यांच्या हातचं लिहिलेलं माझ्याकडे फार नाही. एक वही, आणि ते चार टायर.

ता. क. दुसरं. सगळा दोष तुमचा नाही. परतताना आर्णीलाच गाडीच्या पडद्यावर लाल दिवा लागला होता आणि समोर चार्जिंगची पाटीही होती. मी वाचली. पण वहीत साडेआठ लिहिलं होतं ना. ते चुकतील हे मला पटेना. म्हणून थांबले नाही.

ता. क. तिसरं, पेन्सिलीने, तुमच्या पोर्चमध्ये बसून, बुधवार. पत्र टपालात टाकलं नाही. पहाटे चारही टायरांत पुस्तकात लिहिलीय तेवढी हवा भरली आणि यवतमाळला आले. तुम्ही सगळे लग्नाला गेलेले. गच्चीचा जिना बाहेरूनच आहे. चारही चाकं एकेक करून उतरवली, जॅक लावून बसवली, ज्यावर जसं लिहिलं होतं तिथेच. तुमची रुंद चाकं दाराशी रचून त्यांत हे पत्र खोचते आहे. गाडी तीन तास तुमच्याच प्लगवर लावली. मग दांडक्याने चारही टायर ठोकून पाहिले, आता उज्ज्वलाला डबा देते, आणि घरी निघते.