येलहंक्याचे घर आणि त्यात राहणारी माणसे

मी, चंपा विश्वासराव पतंगे, वय एकसष्ट, अविवाहित, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार जुने येलहंका, बेंगळूर, माझ्या पश्चात काय कोणाकडे जावे हे आज स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. गुडघे कुरकुरतात, पण डोके शाबूत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझी म्हणावीत अशी दोनच माणसे आहेत. धाकटा भाऊ गिरीराज आणि त्याची मुलगी भव्या. भव्याची आई ती तान्ही असतानाच वारली. पहिलीत असल्यापासून ती माझ्याकडे वाढली. आता ती एका छापखान्यात नोकरी करते.

२. राहते घर मी माझ्या पगारातून बांधले. त्यात वडिलांचा एक दगडही नाही, म्हणून त्यावर इतर कोणाचा हक्क पोचत नाही. वडील शिंपीकाम करत. कापड मोजायचा लोखंडी गज आम्हा भावंडांच्या पाठीवरही चाले. आई गेल्यावर त्यांना अडवणारे कोणी उरले नाही. तो गज माळ्यावर आहे. तो मोडीत घालावा. वडिलांची आठवण म्हणून कोणी ठेवू नये.

३. भिंतीवरचा कै. भीमाचार्य यांचा फोटो भव्याला द्यावा. हे माझे पहिलीचे शिक्षक. आम्ही त्यांना मेष्ट्रू म्हणत असू. मी वर्गात बोलत नसे, बसल्या बसल्या झोपत असे, दुसऱ्यांचे डबे खात असे. सगळे मला मठ्ठ म्हणत. एकदा फळा पुसायला मेष्ट्रूंनी हात उचलला आणि मी बाकाखाली शिरले. मुले हसली. मेष्ट्रू हसले नाहीत, मला ओढून बाहेरही काढले नाही. दुसऱ्या दिवसापासून ते आधी सांगू लागले, "चंपा, मी हात वर करतोय हं. फळा पुसायचाय." रोज सांगत. घरी काय होते, हे त्यांनी मला कधीच विचारले नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर एका सकाळी त्यांनी तसेच सांगितले आणि मी म्हणाले, "पुसा." शाळेत मी उच्चारलेला तो पहिला शब्द. पुढे मी शिक्षिका झाले ती त्या शब्दाच्या जोरावर.

४. माझे बुटके स्टूल हेमलताबाईंना द्यावे. माझा वर्ग आता त्या घेतात. बाई, मूल बिथरले की याच्यावर बसा, म्हणजे त्याला मान वर करून तुमच्याकडे बघावे लागत नाही. जे मूल चावते, ओरबाडते, त्याला "असे का केलेस" म्हणून लगेच विचारू नका. त्यालाही ठाऊक नसते. आधी त्याचा श्वास खाली बसू द्या. आणि उद्या तुम्ही वर्गात नसणार असाल, तर आज सांगून ठेवा. अशा मुलांना न सांगता गेलेले माणूस कायमचे गेले असे वाटते.

५. बँकेतील ठेवीच्या व्याजातून आमच्या शाळेत पहिलीच्या मुलांना सकाळी उप्पीट किंवा इडली द्यावी. मागेल त्याला द्यावे, का मागतोस म्हणू नये. माझ्या नावाची पाटी लावू नये.

६. गिरीराजला दुसऱ्या तुकडीत घातले होते. तिथले मास्तर त्याला बाकावर उभे करून छडीने मारत. घरी गज, शाळेत छडी. त्याने शाळा सोडली आणि के. आर. पुरमला रेल्वेच्या यार्डात फिटरच्या हाताखाली लागला. त्या मास्तरांचे नाव मी इथे लिहीत नाही. त्यांच्यासाठी माझ्यापाशी फक्त राग आहे, आणि तो मी कोणाच्या नावे करत नाही.

भव्या माझ्या वर्गात आली तेव्हा मुलांना चावत असे. मुख्याध्यापक म्हणाले, "नाव काढून टाका." मी म्हणाले, "काढू नका, माझ्याजवळ बसवा." तिच्या दंडावरचे वळ मला ओळखू आले. त्याच संध्याकाळी मी गिरीराजकडे गेले.

तो म्हणाला, "अक्का, तुला मेष्ट्रू मिळाले. मला कोण जपलं गं?"

मी म्हणाले, "कुणी नाही जपलं, गिरी. जपायला हवं होतं. पण भव्यानं मोठेपणी हेच विचारलं, तर तू काय सांगशील?"

तो उंबऱ्यावर बसला आणि लहान मुलासारखा रडला. मग स्वतःच तिचे कपडे पिशवीत भरले. "ने तिला," म्हणाला, "माझ्या हाताचा मला भरवसा नाही." बापाला असे म्हणणे किती जड गेले असेल, ते मला माहीत आहे. तेव्हा तो रोज पीत असे. पुढे त्याने दारू सोडली. दर रविवारी येऊन तो अंगणात बसत असे. भव्या बोलावील तेव्हाच आत येई. बरीच वर्षे तिने बोलावले नाही.

७. राहते घर मी भव्याला देते. गिरीराज आता निवृत्त आहे, छातीच्या दुखण्याने थकला आहे. त्याला हयातभर पुढच्या खोलीत राहू द्यावे अशी माझी इच्छा होती. पण मार तिने खाल्ला, तेव्हा होकार तिचाच हवा. म्हणून गेल्या महिन्यात मी तिला विचारले.

ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "राहू दे अप्पांना. पण अत्ते, माझ्या खोलीला आतून कडी पाहिजे."

गिरीराज अंगणात होता. त्याला ऐकू गेले. तो उठून पेठेत गेला आणि पितळी कडी घेऊन आला. भव्याने "या" म्हटल्यावर आत येऊन त्याने ती स्वतः बसवली. मग भव्याला आत जाऊन कडी लावायला सांगितले, आणि बाहेरून खांदा लावून दार ढकलून पाहिले. पुन्हा जोर लावून पाहिले.

"उघडत नाही," तो म्हणाला. "सरी आहे, बरोबर बसली."

सबब गिरीराजला पुढच्या खोलीत राहण्याचा हयातभर हक्क देत आहे. सदर कडी घराचा भाग समजावी व भव्याच्या परवानगीवाचून कोणीही काढू नये.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझे जुने सहशिक्षक श्री. पद्माकर बारटक्के यांनी करावी. वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला. तो माझ्या मनासारखा उतरला आहे, म्हणून दोन्ही साक्षीदारांसमोर सही करते.

(सही) चंपा विश्वासराव पतंगे

साक्षीदार, ज्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या:
(सही) बिंदुमाधव हंचाटे, शेजारी
(सही) नयना महिंद्रकर, निवृत्त शिक्षिका

स्थळ : येलहंका, बेंगळूर
दिनांक : १४ जून १९९६