माझी तिजोरी, माझा नंबर

६ नोव्हेंबर २००६, सोमवार
पेपर वाचता वाचता चहा गार झाला. पान तीन. गंगापूर रोडला कुणा बिल्डरच्या घरी पोलीस गेले. तिजोरी डिजिटल. बिल्डर म्हणाला, नंबर विसरलो. पोलिसांनी कंपनीला फोन लावला, कंपनीचा माणूस स्कूटरवरून आला, बटणं दाबली, तिजोरी उघडी! म्हणजे प्रत्येक तिजोरीचा एक गुपचूप नंबर कंपनी स्वतःकडे ठेवते. मास्टर कोड म्हणे. गिऱ्हाईकाला पत्ता नाही.

कंपनी कोणती? अभेद्य सेफ्स, सातपूर. आणि धनत्रयोदशीला हळदकुंकू वाहून आमच्या बेडरूममध्ये बसवली ती कोणाची? अभेद्यचीच. हद्द झाली.

बिल्डरचं मला काही पडलेलं नाही. लबाडच असणार. प्रश्न तत्त्वाचा आहे.

ओझरच्या विमान कारखान्यात स्टोअर्सला उभा जन्म नोकरी केली. रोज संध्याकाळी गेटवर सिक्युरिटीला डबा उघडून दाखवायचा. जसं काही मी पोळीत विमान गुंडाळून नेणार होतो! तेव्हा गप्प बसलो, पोटापाण्याचा प्रश्न होता. रिटायर झालो त्याच दिवशी ठरवलं, यापुढे चिंतामण गायधनी कुणाच्या बापाला काही उघडून दाखवणार नाही.

लढा देणार. आजपासून.

८ नोव्हेंबर, बुधवार
काल लढा सुरू करता आला नाही. गुडघा.

वस्तुस्थिती नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढे कोर्टात गोंधळ नको. तिजोरीचा वरचा कप्पा: घराचे कागद, मेडिक्लेमचं कार्ड, बायकोच्या, म्हणजे सुधाच्या, पाटल्या. खालचा कप्पा: खासगी.

खासगी म्हणजे (ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही म्हणून लिहितो) दिवाळीनंतरचा ब्लडशुगरचा रिपोर्ट आणि पेढे. रिपोर्टमधला आकडा ही लॅबची चूक आहे. पेढे वणीच्या देवीचा प्रसाद आहेत. प्रसादात साखर धरत नाहीत. खरं म्हणजे एकच पुडा प्रसादाचा, बाकीचे त्याच दुकानातून विकत घेतले, पण भावना तीच.

सुधाला यातलं काही कळता कामा नये. साखरेपायी तिच्या वडिलांचा पाय कापावा लागला होता. तेव्हापासून घरात डायबेटिसचा विषय निघाला की हिचा चेहरा उतरतो. मागे मला शुगर निघाली तेव्हापासून तीसुद्धा बिनसाखरेचा चहा प्यायला लागली. हा निव्वळ मानसिक छळ आहे. मी तिला सांगून टाकलंय, सगळं कंट्रोलमध्ये आहे.

ती शिक्षिका, शाळा सकाळची. ती गेली की मी अंघोळ करतो, पूजा करतो, मग खालचा कप्पा उघडतो. एकच पेढा. फार तर दोन.

आता बघा. कंपनी पोलिसांना नंबर देणार, पोलीस तिजोरी उघडणार, पंचनामा करणार, पंच म्हणून शेजाऱ्यांना बोलावणार, आणि शेजारणी सुधाला सांगणार. इतका सरळ मामला आहे. आणि लोक म्हणतात, प्रायव्हसी हे श्रीमंतांचं खूळ!

९ नोव्हेंबर, गुरुवार
समोरच्या फ्लॅटमध्ये खंडेराव देवरे भाड्याने राहतो. पोलीस हवालदार. सटाण्याकडचा, एकटाच असतो. आजपर्यंत सभ्य वाटायचा. आज लक्षात आलं की त्याच्या बेडरूमची खिडकी आणि आमच्या देवघराची खिडकी अगदी समोरासमोर आहे. मधे फक्त डक्ट. आईशी फोनवर अहिराणीत बोलतो. काय शे, कसं शे. मला अर्धं कळत नाही. मुद्दामच बोलत असेल.

जिन्यात भेटला. म्हणाला, काका, उतरलेले दिसता, तब्येत बरी ना?

पाळत सुरू झाली म्हणायची. मी सुनावलं, माझी तब्येत ही माझी खासगी बाब आहे. तो हसला आणि माझ्या हातातली भाजीची पिशवी घेऊन वर आला. सराईत आहे.

१३ नोव्हेंबर, सोमवार
सातपूरला जाऊन आलो. अभेद्यच्या ऑफिसात ललित नावाचा इंजिनिअर भेटला. तिशीचाही नसेल. चहा मागवला. गोड होता. शत्रूच्या घरी तोंड वाकडं करणं बरं दिसत नाही म्हणून प्यायलो. दुसरा कपही त्याच कारणाने.

ललित म्हणाला, सर, लोक नंबर विसरतात, त्यांच्यासाठी असतो मास्टर कोड. पोलीस कागद घेऊन आले तर आम्हाला मदत करावी लागते.

मी म्हटलं, करा ना! पण तिजोरी विकताना सांगायला काय झालं होतं? तो म्हणाला, मॅन्युअलमध्ये लिहिलंय. मी म्हटलं, मुंगीने लिहिल्यासारखं लिहिलंय! माझ्या घराची एक चावी तुम्ही मला न विचारता खिशात ठेवता आणि वर सांगता, मदत? त्याने कान खाजवला. मग म्हणाला, सर, यात तुमचं चूक नाही.

लिहून ठेवतो. कंपनीने कबूल केलं.

मग म्हणाला, नको असेल तर तुमच्या तिजोरीतून काढून टाकतो कोड. पण पुढे नंबर विसरलात तर आमच्याकडे यायचं नाही, गॅस कटरने कापावी लागेल. तसं लिहून द्या.

दिलं लिहून! ठळक अक्षरात. शेवटी स्वातंत्र्यावर एक परिच्छेदही जोडला.

१५ नोव्हेंबर, बुधवार
विजय! ललित येऊन मास्टर कोड काढून गेला. आता या पृथ्वीतलावर माझी तिजोरी उघडू शकणारा एकच इसम आहे. सुमनबाई भांडी घासत होत्या, त्यांना सांगितलं, आज या घरात इतिहास घडला. त्या म्हणाल्या, मग तिजोरीमागची जळमटं काढून टाकू का?

सुधाने नंबर विचारला. दिला नाही. दोन डोक्यांत गेलेला नंबर बाजारात गेलाच म्हणून समजा. ती म्हणाली, अहो, पाटल्या माझ्या आहेत. मी म्हटलं, म्हणूनच.

रात्री दोडक्याची भाजी.

२० नोव्हेंबर, सोमवार
संकल्प: दर सोमवारी नंबर बदलायचा. कुठेही लिहायचा नाही, या वहीतसुद्धा नाही.

लक्षात कसा ठेवायचा? त्यावर तोड काढली. शाळेत पाढे पाठ कसे झाले? चालीवर म्हणून! आरती झाली की नंबर त्याच चालीवर म्हणायचा. अकरा वेळा, घंटा वाजवत. घंटेच्या आवाजात कोणाला काय ऐकू जातंय! शिवाय एकेक आकडा स्पष्ट म्हटला तरच पाठ होतो. माझा आवाज मूळचाच खणखणीत. कारखान्याच्या गणपतीत तीन मजल्यांवर ऐकू जायचा.

काल वणीला जाऊन आलो. लढ्याला यश येवो म्हणून देवीला साकडं घातलं. येताना प्रसाद.

२७ नोव्हेंबर, सोमवार
खंडेरावाने बेल वाजवली. डोळे लाल. म्हणाला, काका, महिनाभर नाइट आहे, सकाळी कुठे डोळा लागतो. पूजा जरा हळू करता का? आरतीचं काही नाही, पण शेवटचं ते आकड्यांचं स्तोत्र असतं ना, तेवढं.

वा रे वा! आता पोलीस सांगणार, देव किती आवाजात पुजायचा! मी त्याला घटना ऐकवली. म्हटलं, घटनेने मला धर्मस्वातंत्र्य दिलंय. त्याने हात जोडले आणि गेला. आकड्यांचं स्तोत्र म्हणे. अध्यात्मातलं काय कळतंय याला!

नाकावर टिच्चून उद्यापासून एकवीस वेळा.

३ डिसेंबर, रविवार
सोसायटीची जाहीर सभा बोलावली होती. विषय: तिजोरी आणि नागरिक. माणसं तीन आली. त्यातली दोन पार्किंगचा विषय आहे असं समजून आली होती. नोटीस बोर्डावरच्या माझ्या आवाहनाखाली कुणीतरी लिहिलंय, आधी पाण्याच्या टाकीचं बघा.

अशा समाजासाठी लढायचं! पण लढणार.

तहान फार लागते. भाषणं केली की घसा सुकतोच. पायाला मुंग्या येतात. लढ्यातली धावपळ. सुधा म्हणते, शुगर तपासून या. म्हटलं, पुढच्या आठवड्यात. ती म्हणाली, मागच्या आठवड्यातही हेच म्हणालात. मग शाळेच्या वह्या तपासत बसली, पण एकाच पानावर बराच वेळ.

लढ्याच्या ताणामुळे पेढे चार. तात्पुरतं.

११ डिसेंबर, सोमवार
नंबर बदलला. बटणं दोन-दोन दिसत होती. निकृष्ट माल! कंपनीला आणखी एक तक्रार लिहायला घेतली, पण अक्षरंही दोन-दोन दिसायला लागली. पेनही निकृष्ट.

पायात मोजे घालूनच झोपतो. थंडी.

१५ डिसेंबर, शुक्रवार. हॉस्पिटल
वही घरी. हे औषधाच्या दुकानातल्या पॅडवर लिहितोय, नंतर डकवीन.

परवा पूजा झाल्यावर बेडरूममध्ये जरा आडवा झालो. सगळे म्हणतात, पडलो. सुमनबाईंनी किंचाळून बिल्डिंग गोळा केली. खंडेरावाने मला उचलून खाली नेलं म्हणे आणि रिक्षात घातलं. शुगरचा आकडा डॉक्टरांनी सांगितला. मशीन जुनं वाटतं.

सुधा शाळेतून तशीच धावत आली. इथे काउंटरवर मेडिक्लेमचं कार्ड मागितलं. कार्ड तिजोरीत, तिजोरीचा नंबर माझ्या डोक्यात, आणि मी बेशुद्ध. तिने अभेद्यला फोन लावला. ललित म्हणाला, मॅडम, सरांनीच लिहून दिलंय, आता गॅस कटरशिवाय इलाज नाही.

तरीही अर्ध्या तासात कार्ड काउंटरवर! हे मला आज कळलं. सुधाला विचारलं, कार्ड आणलं कोणी? म्हणाली, खंडेरावांनी, आणि चहा आणायला खाली गेली.

माझं डोकंच फिरलं. तेवढ्यात तो स्वतःच आला, भेटायला, पेरू घेऊन. मी विचारलं, नंबर कोणी दिला? कंपनीने ना? तो म्हणाला, काका, कंपनी कशाला? रोज एकवीस वेळा ऐकतो, सोमवारी नवीन लागतो. आता ड्युटीवरसुद्धा तोंडात बसलाय. काकूंनी हॉस्पिटलमधून मला फोन केला, रडत होत्या, म्हणून उघडली. सुमनबाई शेजारी उभ्या होत्या. वरच्या कप्प्यातलं कार्ड घेतलं, दार लावलं. बाकी कशाला हात लावला नाही, काका. कुणाला काही बोललोही नाही.

हे शेवटचं वाक्य त्याने खाली बघत, हळू म्हटलं. तिथेच थांबायला हवं होतं. आता कळतंय. पण अन्याय सहन करायचा माझा स्वभाव नाही. सलाइनसकट उठून बसलो आणि म्हटलं, वॉरंट कुठे होतं? पंचनामा कुठे आहे? एका नागरिकाची तिजोरी उघडता? खालच्या कप्प्यात माझा शुगरचा रिपोर्ट होता, पेढ्यांचे पाच पुडे होते, त्यातला एक पेढा जरी कमी भरला तरी मी कमिशनरपर्यंत जाईन!

खंडेराव माझ्याकडे बघत नव्हता, दाराकडे बघत होता. दारात सुधा उभी होती. हातात थर्मास.

१६ डिसेंबर, शनिवार
रात्रभर सुधा खुर्चीवर बसून. मी मनात बचावाचे मुद्दे काढले. प्रसाद. लॅबची चूक. तत्त्व. तीन झाले, चौथा सुचेना.

सकाळी तीच बोलली. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. म्हणाली, अहो, दीड महिना तुम्ही पोलिसांशी भांडत होतात. पोलिसांना तुमच्या पेढ्यांचं काय पडलंय? तुम्ही घाबरत होतात मला.

मी म्हटलं, प्रश्न तत्त्वाचा आहे. म्हणाली, तत्त्व बरोबरच आहे तुमचं. त्या कंपनीने तुम्हाला न विचारता नंबर ठेवायला नको होता. पण मी कंपनी आहे का? आणि मग रडायला लागली. मी तिला तिच्या वडिलांच्या वेळी असं रडताना पाहिलं होतं. म्हणाली, नंबर राहू दे तुमच्याकडे. मला तुमचे पाय हवेत. दोन्ही.

मी चादर पायांवर ओढून घेतली.

डॉक्टर राउंडला आले. म्हणाले, मोजे काढा, पाय बघू द्या. मी म्हटलं, थंडी आहे. ते थांबून राहिले. मी सुधाकडे बघितलं आणि डावा मोजा काढला.

अंगठ्याशी जखम आहे. दिवाळीपासून. ही मी वहीतही लिहिली नव्हती.

डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, पण रोज ड्रेसिंग करावं लागेल. सुधाने चष्मा लावला, खाली वाकली आणि जखम नीट बघून घेतली. मी आक्षेप घेतला नाही.