‘अगंबाई’ला इंग्रजीत काय म्हणतात

तीर्थस्वरूप वन्संना,

तुमच्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार (दुखऱ्या गुडघ्याला धक्का न लावता). जिना चढताना मधल्या वळणावर आता बसावं लागत नसेल आणि नव्या कवळीशी एव्हाना तुमचं जमलं असेल, अशी आशा करते. नसेल जमलं तर तिला वाटीतल्या पाण्यात ठेवून अबोला धरू नका. कवळी आपणहून समेटाला येत नाही, हे तुमच्या आईंच्या वेळी आपण दोघींनी पाहिलं आहे.

माझं विचाराल तर मी जिवंत आहे. याच्या पुढे एखादं बरं वाक्य लिहावं म्हणून बराच वेळ पेन हातात धरून बसले, पण सुचलं नाही.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं असं तुम्ही म्हणाल. पण आपल्या घरी फोन म्हणजे आकाशवाणी. तुमचे बंधू तो स्पीकरवर टाकून टीपॉयवर ठेवतात आणि मी ‘हॅलो’ म्हणायच्या आत “काय बाईसाहेब, परत कधी?” असं विचारून स्वतःच हसतात. मी निघाले त्या दिवशी दारात चपला घालत होते तेव्हा ते काय म्हणाले, ते तुम्ही स्वयंपाकघरातून ऐकलंच असेल. “महिनाभर टिकलीस तर मी नाव बदलीन.” त्या महिन्यावर कितीतरी महिने गेले. त्यांनी नाव काही बदललं नाही, आणि आता मला परत यायचं तर कोणत्या तोंडानं यायचं? म्हणून हे पत्र. त्यांच्या हाती लागू देऊ नका. डाळीच्या डब्यात ठेवा, तिथे ते जन्मात हात घालणार नाहीत.

तर सुरुवातीपासून सांगते. आपल्या शाळेला मुलं मिळेनाशी झाली आणि आम्हाला घरी बसवलं तेव्हा मी ही नोकरी फोनवर मिळवली होती. मुलाखतीत माझा आवाज पसंत पडला. अर्जाला फोटो हवा होता. आपला नाक्यावरचा फोटोवाला म्हणाला, “मॅडम, परदेशाचं काम आहे, जरा उजेड वाढवतो.” त्यानं उजेड इतका वाढवला की फोटोत भुवया, टिकली आणि केसांची कड एवढंच उरलं. त्या फोटोवर भरवसा ठेवून इथल्या संचालकबाई हातात पाटी घेऊन मला विमानतळावर न्यायला आल्या. मी पाटीसमोर जाऊन उभी राहिले, तर त्यांनी हसून मला जरा बाजूला सरकायची खूण केली. मागून त्यांची इंग्रजीची टीचर येणार होती ना! मी सरकले. मागून कुणीच येईना. शेवटी त्या पाटीवरचं नाव माझंच आहे हे मला त्यांना बोट ठेवून दाखवावं लागलं. वन्सं, त्या बाई वाईट नाहीत. पण त्या क्षणी त्यांचा चेहरा असा पडला, की मलाच त्यांचं सांत्वन करावंसं वाटलं.

मी राहते ती खोली एवढी आहे, की पलंग भिंतीतून बाहेर काढला तर दार उघडत नाही आणि दार उघडायचं तर पलंग भिंतीत ढकलावा लागतो. म्हणजे झोपलेल्या माणसाला भेटायला कुणी येऊ शकत नाही (येत कुणी नाही, हा भाग वेगळा). बसमध्ये उतरायचं असलं की बटण दाबायचं असतं. मला ते दाबायचं धाडस पहिले कित्येक दिवस झालं नाही. आपल्या एकटीसाठी एवढी मोठी गाडी कशी थांबवायची? त्यामुळे दुसरं कुणी उतरेल तिथे मी उतरायचे आणि मग चालत मागे यायचे. या शहराचे रस्ते मला त्यामुळे तोंडपाठ झाले. आणि केसांचं तर सांगवत नाही. टोकं कापून घ्यायला गेले आणि बोटाच्या चिमटीनं दाखवलं, ‘एवढे काप.’ त्या बाईला वाटलं, ‘एवढे ठेव.’ तिनं आधीच मला मागे टेकवून डोळ्यांवर गरम रुमाल ठेवला होता. हे तुमच्या बंधूंना कळवू नका. व्हिडिओ कॉलवर चेहरा दाखवावा लागला की मी डोक्यावरून पदर घेते. परदेशी जाऊन मी मर्यादशील झाले, असं त्यांना वाटतंय.

पण ही सगळी दुःखं वरवरची. खरं संकट कामावर आहे.

आमचा इंग्रजीचा वर्ग गाद्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर भरतो. खोलीची एक भिंत पूर्ण काचेची, आणि काचेच्या बाहेर ओळीनं स्टुलं. त्यावर पालक बसतात आणि आत आपल्या पोरांचं इंग्रजी कितपत वाढलं ते बघतात. मत्स्यालयच म्हणा. फरक एवढाच, की माशांना कुणी व्याकरण विचारत नाही. नाकाला खाज सुटली तरी मी फळ्याकडे तोंड करून खाजवते. मुलं सात-आठ, वयानं आपल्या पहिली-दुसरीतल्याएवढी. मला त्यांची भाषा येत नाही आणि त्यांना माझी. मधे जो इंग्रजीचा पूल बांधायचा, तोच अजून बांधायचा आहे.

त्यातली एक मुलगी काचेला लागून बसायची. तिचा आवाज कसा आहे, हे मला माहीतच नव्हतं. मी मनातल्या मनात तिला मौनीबाई म्हणायचे. आमच्या स्वागत-टेबलावरची मुलगी, जिला कामापुरतं इंग्रजी येतं, तिनं सांगितलं की मौनीबाईचे आईवडील नोकरीसाठी दुसऱ्या शहरात असतात, ती आजोबांजवळ राहते आणि तिच्या रोजच्या शाळेतही तोंड उघडत नाही. आजोबा तिला घेऊन यायचे आणि टोपी मांडीवर ठेवून बाहेर बसायचे. तिची पाळी आली की ती ओठ घट्ट मिटायची, आणि काचेपलीकडे म्हाताऱ्याचे ओठ आपोआप हलायचे. ‘ॲपल’ ते म्हणायचे. आवाज आत यायचा नाही. रोज एक म्हातारा माणूस माझ्याकडे बघत आवाज न करता ‘ॲपल’ म्हणतोय, हे तुम्ही सहन करून बघा.

एके दिवशी चाकांचा फळा, ज्याला ब्रेक लावायला मी विसरले होते, आपणहून निघाला. इथली जमीन उतरती आहे. तो माझ्या देखत ऐटीत खिडकीकडे गेला, फळांच्या चित्रांचा खोका उडवला आणि कचऱ्याच्या डब्यात नाक खुपसून थांबला. मी पोटातून ओरडले, “अगंबाई!”

सगळीकडे शांतता. आणि त्या शांततेत, काचेजवळून, स्वच्छ आवाज आला, “अगंबाई!”

वन्सं, ‘गं’वरचा जोर अगदी जिथे हवा तिथे. ‘बा’ लांबवलेला. आपल्या शेजारणीला जमत नाही इतका सुंदर. मग सगळी पोरं खिदळत अगंबाई, अगंबाई करत नाचायला लागली. बाहेर आजोबा उठून उभे राहिले, टोपी खाली पडली, आणि त्यांनी दोन्ही तळवे काचेला लावले. वर्ग सुटल्यावर माझा हात धरून ते कितीतरी वेळ बोलत होते. डोळे भरलेले. टेबलावरच्या मुलीनं मला समजावलं: नातीचं हे पहिलं इंग्रजी. आजोबा आभार मानतायत. आणि विचारतायत, शब्दाचा अर्थ काय?

काय सांगणार होते मी? मी म्हटलं, “सरप्राइज.” हे तसं पूर्ण खोटंही नाही.

त्या दिवसापासून माझ्या वर्गात इंग्रजी संपलं. हत्तीचं चित्र दाखवलं, अगंबाई. पेन्सिल मोडली, अगंबाई. मौनीबाईला तर एकच शब्द मिळालेला, पण ती तो सगळीकडे वापरायची. येताना आनंदाचा, जाताना वाईट वाटल्याचा, शेजारच्यानं खोडरबर घेतला की रागाचा. खोटं कशाला सांगू, सूर दर वेळी बरोबर लागायचा. मी ‘वंडरफुल’ शिकवून पाहिलं, ‘गुड हेवन्स’ शिकवून पाहिलं. पोरं माझ्याकडे कीव आल्यासारखी बघायची.

मग संचालकबाईंनी पालकांसाठी खुला वर्ग ठेवला आणि पाहुणे म्हणून एका गृहस्थांना बोलावलं. ते बरीच वर्षं परदेशी राहून आलेले, आणि त्यांच्या इंग्रजीचा इथे म्हणे दरारा आहे. पाहुण्यांनी बरोबर मौनीबाईसमोरच सायकल चालवणाऱ्या हत्तीचं चित्र धरलं आणि विचारलं, “व्हॉट इज धिस?” तिनं चित्र नीट पाहिलं. गालाला हात लावला (हा हात मी शिकवलेला नाही, तो शब्दाबरोबर आपोआप येतो) आणि म्हणाली, “अगंबाई!”

पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगणारच होते. शप्पथ. तोंड उघडलंही होतं. पण काचेबाहेर आजोबा नवा कोट घालून उभे होते. मी तोंड मिटलं. पाहुण्यांनी काचेतून सगळ्या पालकांकडे पाहिलं, चष्मा सारखा केला, आणि जाहीर केलं की हा जुन्या, घरंदाज इंग्रजीतला शब्द आहे, आता फारसा कानावर पडत नाही, आणि या वर्गानं तो जपला याचं त्यांना कौतुक वाटतं. टाळ्या पडल्या. आपल्याला एक शब्द माहीत नाही, एवढं कबूल करण्यापेक्षा त्या माणसानं एका अख्ख्या भाषेचा इतिहास बदलला!

आठवड्यात काचेवर रंगीत इंग्रजी अक्षरांत ‘अगंबाई’ आलं, पुढे तीन उद्गारचिन्हं. नवे प्रवेश सुरू झाले. गाद्यांच्या दुकानातले विक्रेतेही मला जिन्यात बघून हसत ‘अगंबाई’ म्हणायला लागले. मी, जिनं जन्मभर ‘ही गो’चं ‘ही गोज’ केलं, जिला पेढ्याच्या खोक्यावरचं चुकीचं इंग्रजीही सहन होत नव्हतं, ती आता पाट्या लावून फसवणूक करते आहे. मला जेवण जाईना. शेवटी मी संचालकबाईंच्या खोलीत जाऊन टेबलावरच्या मुलीमार्फत सांगून टाकलं की हा शब्द इंग्रजी नाही.

“मग कुठला आहे?” त्यांनी विचारलं.

“माझ्या घरचा.”

मला वाटलं, आता तिकीट काढून देतात. तर त्या म्हणाल्या, “ठीक आहे. मग याला इंग्रजीत काय म्हणतात ते उद्यापासून शिकवा. काचेवरचं मी पुसून घेते.”

किती सोपं! मी खोलीवर आले, पलंग बाहेर काढला आणि विचार करत बसले. ‘ओह माय गॉड’ म्हणावं, तर त्यात देवाला मध्ये घ्यावं लागतं, आणि फळा घरंगळला हे काही देवाला सांगण्यासारखं नाही. ‘माय गुडनेस’ म्हणजे संकटकाळी स्वतःच्याच चांगुलपणाची आठवण काढायची. आपण ‘अगं’ म्हणतो, वन्सं, तेव्हा कुणीतरी बाई हाकेच्या अंतरावर आहे असं धरून चालतो. ओट्याशी, नाहीतर भिंतीपलीकडे, नाहीतर गॅलरीत. मी इथे दूध उतू गेलं की अगंबाई म्हणते. कुणाला म्हणते? पलंगाला? त्या विचाराबरोबर मला रडू आलं आणि ते बराच वेळ थांबेना. दुसऱ्या दिवशी मी संचालकबाईंना सांगितलं, याला इंग्रजीत शब्द नाही.

“मग राहू दे,” त्या म्हणाल्या, आणि उद्गारचिन्हं तशीच राहिली.

आता इथे राहण्यात अर्थ नाही. मला शिकवताही येत नाही, खरं बोलताही येत नाही, आणि बसमध्ये अजून बटण दाबण्याआधी दुसरं कुणी दाबतंय का ते बघते. मोठ्या आहात, काहीतरी मार्ग काढा. तुमच्याशिवाय मी कुणाकडे बघू?

तुमची दमलेली,
भावजय

ता. क. मार्ग मीच शोधून ठेवला आहे. घरी कुणी आजारी असेल तर संचालकबाई मला करारातून मोकळं करतील, असं टेबलावरची मुलगी म्हणते. तेव्हा कृपा करून तुमच्या बंधूंना आजारी पाडा. जीवघेणं काही नको, पण कळवताना भारदस्त वाटेल असं बघा. त्यांना स्वतःला याचा पत्ता लागता कामा नये.

आणखी एक ता. क. बंधूंना तूर्त आजारी पाडू नका. पत्र टाकायला सकाळी निघाले तर वाटेत वर्गाच्या जिन्यापाशी आजोबा आणि मौनीबाई भेटले. काल माझे डोळे सुजलेले तिनं पाहिले असावेत. तिनं माझा पदर धरला आणि म्हणाली, “टीचर, टुमॉरो यू कम?” हे वाक्य चुकलेलं आहे. ते कसं हवं हे मी झोपेतही सांगेन. पण मी ते सुधारलं नाही. ‘येस’ म्हटलं, वर गेले आणि पुढच्या वर्षाच्या करारावर सही करून आले. असं का केलं ते मला विचारू नका.

आणि खरं म्हणजे एवढंच लिहायचं होतं: तुमच्या बंधूंना इकडे पाठवून द्या. मी बोलावलं असं म्हणू नका, तुम्हीच त्यांच्याशी भांडण काढून त्यांना घराबाहेर काढा. इथे ते कशाच्याही उपयोगाचे नाहीत, दार उघडायचं तर त्यांना पलंगावरून उठवावं लागेल, हे सगळं मला ठाऊक आहे. पण इथे मी ‘अगंबाई’ म्हटलं की सगळे हसून ‘अगंबाई’ म्हणतात. तुमचे बंधू पेपरातून डोकं वर न काढता विचारतात, “काय झालं?”