मागचे फुटरेस्ट

ताई,

गाडी जिन्याखाली लावली आहे. चेन आवळून तिला तेल दिले आहे, कपडे सांभाळ. पेट्रोल रिझर्व्हला आले आहे. आरसा पुन्हा माझ्या उंचीला वळला आहे; नेहमीच्या शिव्या देऊन तो खाली कर.

आई गेल्यावर आपण पाळ्या अशा वाटून घेतल्या, की शंभर सीसीची ही एक गाडी दोघांनाही पुरते. घर मात्र दोघांनाही रिकामेच मिळते. पहाटे मी येतो तेव्हा तू झोपेत असतेस, आणि संध्याकाळी मी उठतो तेव्हा तू गाडी ठेवून शिकवणीला गेलेली असतेस. तू येऊन गेलीस हे मला इंजिनाच्या उरल्यासुरल्या उबेवरून कळते. कधी कधी तिच्यावर उगाच हात ठेवून उभा राहतो.

काल मेकॅनिक म्हणाला, "काय साहेब, एवढी लांब सीट कुणासाठी ठेवलीय? मागचे फुटरेस्ट गंजून चिकटलेत. कुणी बसतच नाही वाटतं?" त्यांच्यावर शेवटचे पाय आईचे टेकले होते.

त्याने ते मोकळे करून दिले. रविवारी तुला सुट्टी असते. मीही घेतली आहे. कुठे जायचे ते ठरवलेले नाही. तू चालव, मी मागे बसेन. वाटेत बोललो नाही तरी चालेल.

दोन्ही फुटरेस्ट उघडून ठेवले आहेत. यायचे नसेल तर कारण लिहू नकोस, फक्त ते दुमडून ठेव. संध्याकाळी खाली उतरल्यावर मी आधी तेच पाहीन.

धाकटा