चार बोटं खाली

७ फेब्रुवारी, शुक्रवार

काल पडलो. दोघंही!

डायलिसिस करून अक्काला घरी आणलं. चार तास रक्त धुऊन काढलं की ती पिळलेल्या फडक्यासारखी होते. फाटकाशी गाडी लावली, चाकाची खुर्ची दाराला टेकवली, बगलेत हात घातले, उचललं — आणि माझेच पाय गेले. मी खाली, ती माझ्यावर, खुर्ची गडगडत गटारापर्यंत.

पडल्या पडल्या हसायला लागली. "बाळ, शाळेच्या जिन्यावर असेच पडलो होतो रे. तेव्हा तू वर होतास." मला त्र्याहत्तर, तिला शहात्तर. तरी मी बाळच.

मग हसू थांबलं. माझ्या छातीवर डोकं तसंच ठेवून बराच वेळ पडून राहिली. मला वाटलं, दमली.

संध्याकाळी भिंतीकडे बघत म्हणाली, "आता पुरे. मी यापुढे तिकडे जायची नाही."

थकव्यात बोलली असेल. सोमवारपर्यंत विसरेल.

८ फेब्रुवारी, शनिवार

विसरली नाही.

दोष त्या गाडीचा. भाच्यानं — अक्काच्या मुलानं — बदली होऊन जाताना आमच्या दारात सोडलेली. "मामा, आईला यातून न्या, पोटातलं पाणी हलणार नाही." पाणी हलत नाही हे खरं. स्प्रिंगांऐवजी हवेचे फुगे आहेत म्हणे तिच्यात. पण बैठक केवढी उंच! बटण दाबून जेवढी खाली येते तेवढी आणतोच मी, तरी आमच्या चाकाच्या खुर्चीपेक्षा चार बोटं वर राहते. आज माझ्या हातानं मोजली. चार बोटं आणि वर थोडं. ती चार बोटं आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, मला उचलावी लागतात.

भाच्याला फोन केला. "अँब्युलन्स मागवा ना मामा. हट्ट कसले पुरवता तिचे?" मागवली होती मागे. एकच माणूस आला. "काका, स्ट्रेचरचं दुसरं टोक तुम्ही धरा." टॅक्सीवाले खुर्ची दिसली की वेग वाढवतात.

अक्काला अँब्युलन्सचं विचारलं. म्हणाली, "आडवी होऊन एकदाच जाईन. त्याची घाई कशाला?"

९ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर जुन्या क्रमिक पुस्तकांच्या कपाटाशी बसलो. पिवळी पानं, कोपऱ्यात तिचं नाव, त्याखाली माझं. पुस्तकं माझ्याकडे यायची ती तिची होऊन. कविताही तशाच आल्या. शाळेच्या वाटेवर चढ होता. तो आला की मी बसकण मारायचो. मग ती मला पाठीवर घ्यायची आणि चढ संपेपर्यंत टेकडीची कविता म्हणायची. वर्गात ती कविता आली तेव्हा मला आधीच पाठ होती. गुरुजी चकित! त्यांना काय सांगणार — मी ती अक्काच्या पाठीला कान लावून शिकलोय. तिच्या प्रत्येक शब्दाला आतून घुमारा होता.

टेकडी गं टेकडी गं
जराशी तू वाक ना गं
माझे पाय लहानसे
तुझी वाट उंच का गं
वर तुझ्या आभाळाचे
निळे निळे दार आहे
एक पायरी दे मला
कधीचा मी उभा आहे

तिनं मला तेवढा चढ चढवला. मला तिला चार बोटं चढवता येत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

गेली नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी तिच्या पायावर बोट दाबून पाहिलं. खळगा पडला, तो लवकर भरला नाही. ती म्हणाली, "कणीक तिंबतोयस का?" मी बाहेर आलो. रडू आलं. सरळ गाडी काढली आणि गॅरेजात गेलो.

मिस्त्री गाडीखाली होता, नुसते बूट दिसत होते. मी बुटांना सांगितलं, "ही गाडी कायमची चार बोटं खाली आणायची आहे."

बूट हसले! मग तो सरपटत बाहेर आला. "काका, हे काम विशीतली पोरं करून घेतात. गाडी रस्त्याला चिकटलेली दिसावी म्हणून. तुम्ही कुणाला दाखवायचीय?"

"बहिणीला," म्हटलं. सगळं सांगितलं. हसायचा थांबला. हात पुसून त्यानं चाकामागे दिवा धरला. तिथे एक बारीकशी दांडी आहे, बोटाएवढी. चाक किती वर-खाली आहे ते ती दांडी सेन्सरला सांगते, सेन्सर गाडीतल्या कॉम्प्युटरला सांगतो आणि तो फुग्यांत हवा भरतो नाहीतर सोडतो. चार चाकं, चार दांड्या. त्यांच्या जागी लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या दांड्या बसवायच्या, फिरवायच्या. मग सेन्सरला वाटतं, गाडी उगाच वर गेलीय. हवा सोडली जाते. गाडी बसते.

"म्हणजे तिला फसवायचं?"

"फसवायचं काय त्यात! तिला वाटतं, मी आहे तिथंच आहे. खुशीत चालते."

मलाही बरीच वर्षं असंच वाटत आलंय. आहे तिथंच आहे. सकाळी आरशात पाहीपर्यंत!

दांड्या उद्या येतील.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बसल्या! मी मिस्त्रीच्या शेजारी स्टुलावर बसून होतो. डाव्या-उजव्या दांडीचे फेरे सारखे हवेत, नाहीतर गाडी एका अंगाला कलते. तो म्हणाला, "काका, मोजा." सतरापर्यंत गेलो आणि हरवलो. आकडे हल्ली हातातून निसटतात. ओळी निसटत नाहीत. म्हटलं, थांब — एका फेऱ्याला एक ओळ. टेकडीची कविता म्हणत गेलो, तो फिरवत गेला. शेवटी त्यालाच पाठ झाली. पाना फिरवताना "टेकडी गं" म्हणत होता, रेडा हंबरल्यासारखा.

मग गाडी चालू केली. सुस्कारा सोडल्यासारखा आवाज — आणि ती अलगद खाली बसली. शहाणी हत्तीण बसावी तशी! डोळे भरले माझे. टेकडी वाकली.

मिस्त्रीनं मात्र बजावलं : गतिरोधकावर जपून, टायर आतून झिजतात का पाहत राहायचं, आणि काही झालं तरी गाडीखाली डोकं घालायचं नाही. "बसली अंगावर तर उठायची नाही."

शेजारचे म्हणाले, "आजोबा, शर्यतीत उतरताय की काय?"

उतरलोय.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आली नाही.

मी खुर्ची फाटकापर्यंत ढकलत नेली. तिनं गाडीकडे पाहिलं. दोन्ही बैठकांवर नजर फिरवली, कारागिरासारखी. म्हणाली, "अजून चढ आहे."

"अगं, बोटभर!"

"बोटभर तर बोटभर. चढ तो चढ. तुलाच उचलावं लागेल."

"मग उचलतो की! आजवर कुणी उचललं?"

तिनं खुर्ची स्वतःच मागे वळवली. मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा अक्कावर ओरडलो. "तुला मरायचंच असेल तर तसं सांग!" ती शांतपणे म्हणाली, "खोकू नकोस. पाणी पी."

पाणी पी! तिला स्वतःला दिवसाला मोजून दोन पेले, आणि मला म्हणते पाणी पी.

दुपारी गॅरेजात गेलो. मिस्त्री म्हणाला, "पुढून फार तर अजून बोटभर निघेल. पण चाक घासलं तर मला बोलायचं नाही. सोमवारी या."

सोमवारी कसा येऊ? सोमवारी तर तिला न्यायचंय!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टरांना फोन केला. "दोन वेळा हुकल्या. अजून थोडी लघवी होतेय म्हणून निभावलं. तिसरी हुकू देऊ नका. समजलं ना?"

समजलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

चेहरा सुजलाय तिचा. डोळे बारीक झालेत. अगदी लहानपणच्या फोटोतल्यासारखी दिसते — गुबगुबीत! मरण असं बाळसं घेऊन येतं हे कुठल्याच कवितेत नव्हतं.

दोन उशा लावून बसून झोपते. मी पलीकडच्या खाटेवर. तिचा श्वास ऐकतो. ती म्हणते, "मी तुझा ऐकतेय, झोप आता."

तिच्यामागे या घरात मला बाळ कोण म्हणणार? कुणाची पुस्तकं माझ्याकडे येणार? दोन खोल्या, एक कपाट आणि दारात एक वाकलेली गाडी. एवढंच उरेल. लिहवत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज मीच उतरवली.

मिस्त्रीला करताना पाहिलं होतं, पाना घरात होता. गाडी चालू ठेवली, चाक पूर्ण वळवलं. डोकं खाली घातलं नाही, नुसता हात आत. अंगणात आडवा झालो तेव्हा गंमतच वाटली. इतक्या खालून आभाळ किती वर्षांनी पाहिलं! पुढच्या डाव्या चाकाची दांडी : नट सैल केला आणि एका फेऱ्याला एक ओळ, आठ ओळी, पूर्ण कविता. सुस्कारा आला. उठलो. उजवीकडे जाईपर्यंत धाप लागली. अर्धा तास तसाच बसलो. डावा हात भरून आला होता, पान्याची सवय नाही. पुन्हा आडवा झालो. पुन्हा कविता, मोठ्यानं, कारण आवाज मोठा ठेवला की फेरा चुकत नाही.

शेवटची ओळ म्हणून पाना ठेवला. खिडकीतून हाक आली —

"तिसरी खाल्लीस!"

"काय?"

"तिसरी ओळ! 'वाक ना गं' वरून थेट 'उंच का गं'! माझे पाय कुठे गेले? पाय खाल्लेस की रे माझे!"

मी म्हटलं, शक्यच नाही. मोजून पाहिलं. उजवं अंग केसभर वर! सात फेरेच झाले होते.

तिथेच बसलो, मातीत. आकडे गेले, नावं जातात, चष्मा तर रोजच जातो. पण ओळ! तिच्या पाठीवर शिकलेली ओळ! ती गेली आणि गेल्याचं मला कळलंही नाही. 'माझे पाय लहानसे' — आता लिहितोय तरी परकी वाटते, पहिल्यांदाच भेटल्यासारखी. अक्का जाणार आणि कविताही जाणार, म्हणजे मी कोण राहणार?

"रडतोस काय, फिरव अजून एक!" खिडकीतून. "मी म्हणते. तू फिरव."

तिनं ओळ म्हटली. मी फिरवलं. गाडी समेवर आली.

मग दारात खुर्ची घेऊन आली. दहा दिवसांत पहिल्यांदा आपणहून! दोन्ही बैठकांवर तळहात ठेवून पाहिला. खुर्चीवर एक, गाडीत एक. एका पातळीत. म्हणाली, "पुस्तकांच्या कपाटातली मधली फळी काढ. गुळगुळीत आहे ती. खुर्चीवरून गाडीत टाकायची. मी माझी सरकेन."

"म्हणजे उद्या येतेस?"

"येते. पण तू हात लावायचा नाहीस मला."

लागलंच मनाला. इतकी वर्षं माझेच हात चालले, आता नकोत. पण येते म्हणाली! येते!

पुस्तकं जमिनीवर मांडली, फळी काढली, पुसून ठेवली. हात अजून ठणकतोय. पाना जड होता. जबड्यापर्यंत कळ येते, दातही दाखवायला हवा एकदा.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

हे इस्पितळात लिहितोय. खाट माझी आहे.

रविवारी वही मिटून उठलो. त्यापुढचं माझ्याकडे नाही. अक्कानं माझ्या फोनवरून मिस्त्रीला बोलावलं. अँब्युलन्सचं दुसरं टोक त्यानं धरलं. काल सकाळी त्यानंच तिला आमच्या गाडीतून आणलं. "फळी टाकली आणि सरकल्या की काका, कुणाचं बोट लागू दिलं नाही!"

ती इथं खुर्ची लावून बसली. नळ्या पाहिल्या. म्हणाली, "मला उचललंस की तुझी छाती फुटक्या भात्यासारखी वाजायची. कधीपासून ऐकतेय. त्या दिवशी पडलो तेव्हा तर कानच होता माझा तिच्यावर. म्हटलं, मी जाईन ती जाईन. उचलता उचलता तू का?"

मग सिस्टरना म्हणाली, "आलेच आहे तर माझंही उरकून घ्या." आणि खालच्या मजल्यावर जाऊन चार तास यंत्राला बसली.

जाताना दारातून मला सांगून गेली : गुरुवारी येते, तोवर तिसरी ओळ पाठ हवी.

माझे पाय लहानसे. माझे पाय लहानसे.