जावेच्या वाट्याच्या गोळ्या

कोकिळाताईंना नमस्कार,

तुम्हाला ठाऊक आहेच, मी इथे जळगावच्या हॉस्पिटलात नव्या औषधाच्या चाचणीचं काम बघते. आज चोपड्याच्या सुंदरबाईंना गुडघेदुखीच्या चाचणीतून काढावं लागलं. त्यांनी अर्ध्या गोळ्या जावेला दिल्या होत्या. मी रागावले, तर म्हणाल्या, "तिना बी गुडघा दुखतस. मी एकटी कशी खाऊ?"

त्या गोळ्यांत औषध होतं की नुसती साखर, हे चाचणी संपेपर्यंत मलाही कळणार नाही. बरं मात्र दोघींनाही वाटत होतं.

चुली वेगळ्या झाल्यापासून धुळ्याहून तुमच्या गुडघ्यांची खबर मला भाऊजींकडूनच कळते. हे पत्रही बहुतेक पर्समध्येच राहील.

ताई, आता माझेही दुखतात.

तुमची धाकटी जाऊ,
सपना